इव्हॉनचे इब्रातले बुधवार

इव्हॉन तुस्कानो त्या मेळ्यात गेली होती मुलाच्या ॲडमिशनसाठी, आणि नाव नोंदवून आली स्वतःचं.

२०१३ साल होतं. मस्कतच्या रुवी भागातल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये परदेशी विद्यापीठांनी टेबलं मांडली होती आणि शहरातले भारतीय आईबाप अकरावी-बारावीतल्या पोरांना घेऊन तिथे लोटले होते. एलरॉयला इंजिनिअरिंगखेरीज काही दिसत नव्हतं. तो गर्दीतून पुढे पुढे जात राहिला आणि इव्हॉन एका रिकाम्या टेबलापाशी रेंगाळली. अमेरिकेत मिशिगन राज्यातलं एक लहानसं ख्रिस्ती विद्यापीठ होतं ते. टेबलामागची बाई सांगत होती, की अर्धवट राहिलेली पदवी आमच्याकडे घरी बसून, इंटरनेटवरून पूर्ण करता येते. वयाची अट नाही.

"इतिहास घेता येतो?" इव्हॉनने विचारलं.

"मुलाला इतिहासाची आवड आहे का?"

"मुलाला नाही. मला."

वसईच्या कॉलेजात ती एस.वाय.बी.ए.ला इतिहास घेऊन शिकत होती, तेव्हा लेस्लीचं स्थळ आलं. लेस्ली मस्कतच्या एका हॉटेलात केक-पेस्ट्री करायचा. चांगली नोकरी, चांगलं घर, आणि त्याची सुट्टी संपायच्या आत लग्न उरकायचं होतं. परीक्षा राहिली ती राहिलीच. पुढे ती रुवीतल्या एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर लागली आणि तिथेच अरबी शिकली. सुरुवात 'तोंड उघडा' आणि 'उद्या या' यांच्यापासून झाली. वीस वर्षांत गाडी पेशंटच्या सुनांच्या तक्रारींपर्यंत पोचली.

"हिस्ट्री? आता?" लेस्लीने विचारलं. "करणार काय त्याचं?"

"शिकणार."

"पण शिकून?"

"लेस्ली, एलरॉयला विचारलंस का कधी, शिकून काय करणार म्हणून? त्याच्या वेळी आपण नुसते खूश होतो ना?"

लेस्ली हसला. चर्चमधल्या जेसिकाने मात्र नाक मुरडलं. "ते प्रोटेस्टंटांचं आहे ना गं?"

"असू दे. त्यांचा येशूही तोच आहे."

इव्हॉनला वाटलं होतं, इतिहास म्हणजे इतिहासच शिकायचा. पण त्या विद्यापीठाची रीत वेगळी होती. इतिहासवाल्यालाही बायबल, तत्त्वज्ञान, कविता आणि जीवशास्त्र चुकत नव्हतं. जीवशास्त्रासाठी तिने स्वयंपाकघराच्या खिडकीत मूग रुजवले आणि रोज पट्टीने मोजले. लेस्ली म्हणाला, "उसळ करायची ती करून टाक एकदाची." तत्त्वज्ञानाने तिला रडवलं. आणि इतिहासाच्या पहिल्याच निबंधाला, ज्याच्यावर तिचा सगळ्यात जास्त भरवसा होता, सी मिळाला. खाली प्राध्यापक व्हॅन डाइक यांनी लिहिलं होतं: 'पुस्तकं काय म्हणतात ते कळलं. तुम्ही काय म्हणता?'

दोन दिवस ती धुसफुसत होती. वसईच्या कॉलेजात तिला कोणी असं विचारलं नव्हतं. तिथे पुस्तक म्हणेल ते आपण म्हणायचं असे. तिसऱ्या दिवशी तिने तोच निबंध पहिल्यापासून लिहिला, कोणी मागितला नसताना पाठवला, आणि त्यानंतर तिला कधी सी मिळाला नाही.

व्हॅन डाइक सर म्हातारे होते, कडक होते. इतिहास कसा लिहावा हे शिकवताना पहिल्याच व्हिडिओत त्यांनी दहा आज्ञांमधली एक वाचली: आपल्या शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको. मग म्हणाले, "मेलेला माणूससुद्धा शेजारीच आहे. तो उलट बोलू शकत नाही, म्हणून त्याच्याबाबत जास्त जपून बोलायचं." शाळकरी वयातल्या पहिल्या कम्युनियनपासून इव्हॉन ती आज्ञा म्हणत आली होती. ती आपल्या अभ्यासालाही लागू आहे हे तिला त्या दिवशी कळलं.

शेवटच्या वर्षी प्रबंध लिहायचा होता. त्या सुमारास सकिना नावाची एक म्हातारी कवळी बसवायला दवाखान्यात येऊ लागली. ओमानच्या शर्किया भागातल्या इब्राची. दर खेपेला डॉक्टर श्यामला मॅडमसाठी ती डबाभर मंदाझी आणायची, नारळाच्या दुधात पीठ भिजवून तळलेले गोड पाव. मॅडम गोड खात नसत. इव्हॉनने एक तोंडात टाकला आणि म्हणाली, "खाला, हे तर आमचे फुगे! आमच्याकडे लग्नात करतात."

"लग्नात? माझी आई रोज तळायची," सकिना म्हणाली. "आधी झांजिबारमध्ये, मग इथे."

सकिना झांजिबारमध्येच जन्मली होती. ओमानी घराणी पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहत होती, आणि १९६४ साली तिथे क्रांती झाल्यावर पुष्कळ जण परतले. परतले म्हणायचं, पण सकिनासारख्या मुलींनी ओमान आधी पाहिलंही नव्हतं. इव्हॉनने त्यावर मिळेल ते वाचून काढलं. सुलतान होते, व्यापारी होते, जहाजं होती. बायका फारशा कुठे भेटल्या नाहीत. तिने व्हॅन डाइक सरांना विषय कळवला: परतलेल्या बायका. त्यांचं उत्तर आलं, 'याबद्दल मला काहीही माहीत नाही. उत्तम.'

इब्राला दर बुधवारी बायकांचा बाजार भरतो. विकणाऱ्याही बायका, घेणाऱ्याही बायकाच. सकिना तिथे लहान मुलींचे भरतकाम केलेले कपडे घेऊन बसायची. श्यामला मॅडमनी बुधवारची सुट्टी दिली, बदल्यात शनिवारी काम. जायचा प्रश्न दयानंदने सोडवला. तो सावंतवाडीकडचा, तुस्कानोंच्याच बिल्डिंगमध्ये राहणारा फ्रिज-एसीचा मेकॅनिक. त्याच्या कंपनीची गाडी बुधवारी इब्राच्या दुकानांत जायची. पहिल्या दिवशी बाजाराच्या दाराशी गाडी उभी करून तो म्हणाला, "वयनी, तुमी जावा आत. माका काय थय सोडूचे नाय. मी काम आटपून हयसरच येतंय."

आत अत्तर, मेंदी, लोबान आणि कापडाचा वास एकमेकांत मिसळला होता. सकिनाने चटईवर जागा करून दिली, मोबाइलवर बोलणं रेकॉर्ड करायला हरकत घेतली नाही, आणि सांगू लागली.

झांजिबारहून आल्यावर त्यांचं बिऱ्हाड इब्रापासून आत एका वाडीत होतं. वाडीतल्या बायका एका मोठ्या झाडाखाली वस्तू विकायला बसत. सकिनाच्या आईने तिथे कढई लावली. "त्यांनी आम्हांला जागा दिली," सकिना म्हणाली. "प्रत्येकीने आपली चटई थोडी थोडी सरकवली. आम्ही परक्या, आमचं अरबीही मोडकंतोडकं. तरी दिली."

इव्हॉनच्या डोळ्यांत पाणी आलं. वीस वर्षं परदेशात राहिलेली बाई ती, तिला हे आतपर्यंत लागलं. तिने पुढचे तीन महिने याच गोष्टीभोवती प्रबंध रचला. पहिल्या तीन प्रकरणांवर व्हॅन डाइक सरांनी 'फार सुंदर' असं लिहून पाठवलं.

मग एका बुधवारी सकिना आली नाही. नातीच्या बाळंतपणाला गेली होती. तिच्या शेजारी झुवैना नावाची बाई लोबान विकायला बसायची, तिच्याच वयाची, कमी बोलणारी. इव्हॉन परत निघणार तेवढ्यात झुवैनाने तिथल्या रीतीने, एलरॉयची आई म्हणून, हाक मारून विचारलं, "उम्म एलरॉय, तू एवढी येतेस. सकिनाने तुला सांगितलं तरी काय?"

इव्हॉनने सांगितलं. झुवैनाचा हात लोबानाच्या डब्यातच राहिला.

"जागा दिली? आम्ही?" ती म्हणाली. "माझ्या आईने त्या बाईची कढई लाथेने उलटवली. उकळतं तेल वाळूत गेलं. मी तिथेच उभी होते, आईचा पदर धरून."

"का पण?"

"लोक तिच्याकडे जायला लागले म्हणून. मंदाझी गोड होती ना! आई म्हणायची, ह्या समुद्रापलीकडून आल्या, ह्यांना धड बोलता येत नाही, आणि पैसा मात्र ह्यांच्याकडे. बाकीच्या हसत होत्या. एकीनेही चटई हलवली नाही."

 परतीच्या वाटेवर दयानंदने दोनदा विचारलं, "बरा नाय वाटणा काय?" आणि मग रेडिओ लावला.

घरी आल्यावर तिने लेस्लीला सगळं सांगितलं. लेस्ली म्हणाला, "मिशिगनमध्ये कोणाला कळणार आहे? आहे तसं राहू दे. म्हातारीने विश्वासाने सांगितलं, तिला खोटं कशाला पाडतेस?"

पहिल्या वाक्याचं तिला काही वाटलं नाही. शेवटचं मात्र सलत राहिलं. सकिनाने तिला आपल्या चटईवर बसवलं होतं. दुसरीकडे झुवैनाने कारण नसताना स्वतःच्या आईचा दोष सांगितला होता. कुणाही एकीचं खरं धरलं, की दुसरीवर अन्याय होत होता. तिने व्हॅन डाइक सरांना सविस्तर कळवलं आणि मुदत वाढवून मागितली. उत्तर दोन ओळींचं होतं: 'मुदत वाढणार नाही. आत्ता कुठे तुमचं काम सुरू झालं आहे.'

पुढच्या बुधवारी ती आधी झुवैनाकडे गेली. "मी सकिनाखालाला विचारलं तर चालेल? तुमचं नाव घेणार नाही."

"नाव का नाही?" झुवैना म्हणाली. "मी घाबरते का? चल, मीच बोलते."

सकिना गिऱ्हाइकाला छोटा झगा दाखवत होती. गिऱ्हाईक जाईपर्यंत दोघी थांबल्या. मग झुवैना सरळच म्हणाली, "मी हिला कढईचं सांगितलं."

सकिनाने झग्याची घडी घातली, पुन्हा मोडली, पुन्हा घातली.

"तुझी आई जाऊन किती वर्षं झाली," ती म्हणाली. "मेलेल्या बाईचं वाईट बोलतेस? तेही बाहेरच्या माणसासमोर?"

"माझी आई आहे. मी बोलेन. तू कशाला तिच्यासाठी खोटं बोलतेस?"

"कारण माझ्या आईला शेवटची आंघोळ तिनेच घातली!"

सकिनाचा आवाज इतका चढला, की आजूबाजूच्या बायका वळून पाहू लागल्या. झुवैनाने विचारलं, "कोणी? माझ्या आईने?"

"तू तेव्हा लग्न होऊन सूर शहरात गेली होतीस. तुला कोण सांगणार?" सकिना म्हणाली. "आई गेली तेव्हा आमचं इथे कोणी नव्हतं. ना बहीण, ना मावशी. मी एकटी, पोर पोटात. मय्यताला हात कोण लावणार? तुझी आई आली. कोणी बोलावलं नव्हतं. बाह्या वर केल्या आणि म्हणाली, पाणी तापव. स्वतःच्या आईला घालावी तशी तिने माझ्या आईला आंघोळ घातली. त्या दिवशी मी ठरवलं, माझ्या घरात कढईचं नाव निघणार नाही. मुलांना मी हेच सांगितलं, की यांनी आपल्याला जागा दिली. आणि दिलीच ना शेवटी?"

झुवैना खाली बसली. तोंडावर ओढणी घेऊन ती रडू लागली आणि रडता रडताच म्हणत राहिली, "मला कधी बोलली नाही. मला एका शब्दाने बोलली नाही." सकिना तिच्याजवळ सरकली. इव्हॉनला काय करावं कळेना. तिने रेकॉर्डिंग बंद करायला मोबाइल उचलला, तर झुवैनाच ओरडली, "बंद करू नकोस! हे लिही!"

तोपर्यंत पाच-सहा जणी गोळा झाल्या होत्या, त्यातल्या दोघी त्याच वाडीतल्या. एक म्हणाली, झुवैनाच्या आईला पश्चात्ताप झाला होता, ती कित्येक वर्षं कढईच्या जागेवरून जायचं टाळायची. दुसरी म्हणाली, छे, पश्चात्ताप कसला, त्याआधी झुवैनाचा भाऊ तापाने फणफणला होता तेव्हा सकिनाच्या आईने औषध दिलं होतं, त्याची ती परतफेड. तिसरीला दोन्ही पटेना; ती म्हणाली, मय्यत झाली की शेजारणीने यायचंच असतं. कोणी झांजिबारच्या स्वाहिलीत बोलू लागली, कोणी अरबीत, सगळ्या एकदम. "खलास, खलास, पुरे, एकेक करून!" इव्हॉन ओरडत होती आणि तिचं कोणी ऐकत नव्हतं. दुपार सरली. बाजार उठायची वेळ झाली तरी त्या उठल्या नाहीत.

गाडीत बसताना तिचा आवाज बसला होता. पण ती हसत होती. "दयानंद भाऊ," ती म्हणाली, "मला सगळं पुन्हा लिहावं लागणार!"

"मगे हसतास कित्या?" दयानंदने विचारलं.

तिने तीन प्रकरणं बाजूला टाकली. घरात डाळ-भाताखेरीज काही शिजेना. लेस्ली हॉटेलातून येऊन भांडी घासू लागला आणि एकदा स्वतःहून म्हणाला, "ती आंघोळीची गोष्ट पुन्हा वाच." वाचून झाल्यावर त्याने ओले हात पुसले. मग म्हणाला, "बरं झालं माझं ऐकलं नाहीस."

२०१७च्या एप्रिलमध्ये प्रबंधाची तोंडी परीक्षा होती. स्काइप ओमानमध्ये चालत नव्हतं, म्हणून फोनवरच घ्यायचं ठरलं. शुक्रवारी दवाखाना बंद असतो. श्यामला मॅडमनी किल्ली दिली. संध्याकाळी इव्हॉन आपल्याच रिसेप्शनच्या खुर्चीत बसली, फोन स्पीकरवर ठेवला. समोर पेशंटच्या बाकावर लेस्ली आणि सुट्टीवर आलेला एलरॉय. मिशिगनमध्ये सकाळ होती आणि टेबलाभोवती तीन परीक्षक होते.

व्हॅन डाइक सरांनी सोपे प्रश्न विचारले. मग एका बाईंचा कोरडा आवाज आला. "मिसेस तुस्कानो, तुमच्याकडे एकही कागद नाही. आहेत त्या म्हाताऱ्या बायकांच्या आठवणी, आणि त्यातली मुख्य आठवण चुकीची आहे हे तुम्हीच दाखवलंत. मग आम्ही विश्वास कशावर ठेवायचा?"

एलरॉयने बापाचा हात धरला. इव्हॉन पाणी प्यायली.

"मॅडम, त्या झाडाखाली लिहिणारं कोणी नव्हतं," ती म्हणाली. "पन्नास वर्षांचे कागद धुंडाळले तरी त्यात ती कढई सापडणार नाही. म्हणून मी बघितलं, कोण कोणाबद्दल काय सांगतंय. कढई उलटली हे झुवैना सांगते, स्वतःच्या आईविरुद्ध. मय्यताला आंघोळ घातली हे सकिना सांगते, जिच्या आईची कढई उलटली तिची मुलगी. दोघींनीही आपल्या सोयीचं सांगितलेलं नाही. म्हणून मी दोघींवर विश्वास ठेवला. ती बाई का आली यावर तीन मतं आहेत. ती तिन्ही मी लिहिली. त्यातलं खरं कोणतं ते मला माहीत नाही, आणि तसंही लिहिलं आहे."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग तिसरे परीक्षक बोलले. ते धर्मशास्त्र शिकवत. "आमच्या विद्यापीठात हा प्रश्न विचारायलाच हवा. सकिना इतकी वर्षं खोटी साक्ष देत होती, नाही का?"

इव्हॉनने याचं उत्तर तयार केलं नव्हतं. ते तिच्या तोंडून आपोआप आलं.

"सर, आज्ञा शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको अशी आहे. सकिनाने दिली ती शेजाऱ्याच्या बाजूने. ते पाप की पुण्य, हे धर्मशास्त्रवाल्यांनी ठरवावं. तिने तसं का केलं आणि त्यामुळे वाडीतली माणसं एकत्र कशी राहिली, हे सांगणं माझं काम. ते मी केलं."

 मग फोनमधून हसू फुटलं, आणि सगळ्यांत मोठं हसू त्या कोरड्या आवाजाच्या बाईंचं होतं.

त्यांनी तिला थांबायला सांगितलं. लेस्ली बाकावरून उठून फेऱ्या मारू लागला. थोड्या वेळाने फोन पुन्हा वाजला. व्हॅन डाइक सर म्हणाले, "अभिनंदन. तुम्ही विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण झाला आहात. आणि यंदाच्या इतिहास विभागाच्या सर्वोत्तम प्रबंधाचं पारितोषिक तुम्हाला द्यावं, यावर आम्हां तिघांचं एकमत आहे. तसं एकमत आमच्यात सहसा होत नाही."

"मम्मा!" एलरॉयने आरोळीच ठोकली. लेस्लीने तिला खुर्चीसकट मिठी मारली. इव्हॉन फोनवर नुसतं "थँक यू, सर, थँक यू" म्हणत राहिली. वसईला अर्धवट टाकलेलं वर्ष, खिडकीतले मूग, तो सी, सगळं तिला आठवत होतं, आणि कशाचंच वाईट वाटत नव्हतं.

बुधवारी ती इब्राला गेली. सकिना आणि झुवैना शेजारी शेजारी बसल्या होत्या आणि कशावरून तरी भांडत होत्या.

"पास झाले," इव्हॉन म्हणाली. "पहिली आले."

"आईचं नाव लिहिलंस ना?" झुवैनाने पहिलं तेच विचारलं. "दोन्ही गोष्टींखाली?"

"दोन्हींखाली."

झुवैनाने मान डोलावली. मग सकिना उठून उभी राहिली, तोंडावर हात धरला आणि लग्नघरात काढतात तसा जिभेचा लांबच लांब हर्षनाद काढला. झुवैनाने त्यात आवाज मिळवला. मग अत्तरवाली, मेंदीवाली, कापडवाल्या, काय झालं हे माहीत नसलेल्या गिऱ्हाईक बायकासुद्धा. सगळा बाजार दणाणून गेला. दोघी-तिघींनी तिला ओढून मध्ये उभं केलं, कोणी तिच्या मनगटाला अत्तर चोळलं. लेस्लीने पहाटे उठून केलेला केक तिच्या हातात तसाच राहिला होता. तो कोणीतरी काढून घेतला आणि कापायला सुरुवातही केली. इव्हॉनने मान मागे टाकली आणि आयुष्यात पहिल्यांदा तसा आवाज काढून पाहिला. तो मध्येच चिरकला. बायका खो खो हसल्या आणि म्हणाल्या, पुन्हा काढ, पोटातून काढ.

तिने पुन्हा काढला.